बागायती घर, जिरायती घर आणि मधली प्रेमजोडी

एका जातीतली, एका तालुक्यातली, एका कॉलेजात शिकलेली मुले-मुली एकमेकांना पसंत करतात, तरीही दोन घरांच्या परिस्थितीतल्या फरकामुळे त्यांचे लग्न अडते. पुणे जिल्ह्याच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा फरक कशाने मोजला जातो, ते ठरलेले आहे. जमीन किती, त्यातली पाण्याखाली किती, ऊस कोणत्या कारखान्याला जातो, घरात पगाराची नोकरी कोणाला आहे आणि भावकीचे गावात वजन किती, हे पाच प्रश्न विचारले जातात. उत्तरे जुळली नाहीत की ‘स्थळ आपल्या तोलामोलाचे नाही’ एवढ्या एका वाक्यात विषय संपतो. जात वेगळी असली तर नकार कितीतरी कडक होतो. पण जात एक असली म्हणून तो टळतोच असे नाही.

बारामती-इंदापूर रस्त्यावरचे काटेवाडी हे या पट्ट्यातले ठळक गाव. बारामतीपासून ते सुमारे दहा किलोमीटरवर आहे. शरद पवार यांच्या कुटुंबाचे गाव म्हणून राज्याला त्याचे नाव ठाऊक आहे. पुढे लगेच इंदापूर तालुका लागतो आणि भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना येतो. कालव्याचे पाणी, ऊस, कारखाना, शिक्षणसंस्था आणि औद्योगिक वसाहत हे सगळे काटेवाडीच्या हाकेच्या अंतरावर आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी येथे येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात. कोणाचा मान कोणता, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. त्या दिवशी सारा गाव एका ठिकाणी असतो. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की मात्र प्रत्येक घर आपापली पायरी पाहते.

पाण्याने पाडलेल्या पायऱ्या

या भागातल्या श्रीमंत-गरीब घरांचा इतिहास फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकात बारामती आणि इंदापूर हे अवर्षणाचे तालुके होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनचा हा भाग होरपळून निघाला. त्यानंतर दुष्काळनिवारणाचा एक उपाय म्हणून नीरा डावा कालवा काढण्यात आला आणि १८८५ मध्ये त्याचे पाणी शेतांकडे वळले. कालव्याच्या खालच्या अंगाच्या जमिनीत बारमाही पीक निघू लागले, वरच्या अंगाची जमीन पावसाच्या भरवशावर राहिली. त्याच शिवारात, कधी त्याच भावकीत, एक घर बागायतदार झाले आणि दुसरे जिरायतदार.

ऊस लावण्याचे कसब सगळ्यांकडे आधीपासून होते असेही नाही. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी या कालव्यावर येऊन, जमिनी खंडाने घेऊन ऊस आणि गूळ यांचा धंदा वाढवला. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाचे वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत माळेगाव, सोमेश्वर आणि छत्रपती हे सहकारी कारखाने उभे राहिले. कारखान्याचा सभासद असणे ही मग घराची ओळख झाली. सभासदाला उसाच्या नोंदीची हमी, सवलतीची साखर आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत मिळे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. त्यात इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावे बुडाली. विस्थापितांची घडी विस्कटली. ज्यांच्या जमिनी फुगवट्याच्या कडेला राहिल्या ते पाणी उपसून ऊस करू लागले.

बागायत आणि जिरायत यांच्यातले अंतर सरकारी कायद्यातही दिसते. कमाल जमीन धारणेच्या कायद्यात १९७० च्या दशकात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार एका कुटुंबाला बारमाही ओलिताची १८ एकर जमीन ठेवता येते, कोरडवाहू असेल तर ५४ एकर. म्हणजे एक एकर बागायत ही तीन एकर जिरायतीच्या बरोबरीची धरली आहे. लग्नाच्या बैठकीतला हिशेब याहूनही कडक असतो. मोरगाव-सुपे बाजूच्या जिरायती गावातले वीस एकरांचे घर कालव्यावरच्या पाच एकरांच्या घरापुढे बऱ्याचदा कमी भरते, कारण पाच एकर उसाचे बिल दरवर्षी बँकेत जमा होते आणि वीस एकरांतली ज्वारी पावसावर अवलंबून असते.

मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवूड यांनी या ऊसपट्ट्यात दीर्घ अभ्यास करून १९९२ मध्ये ‘रेझिंग केन’ हे पुस्तक लिहिले. कालव्यावरच्या काही पिढ्यांत लहान शेतकरी वर चढले आणि मोठी घरे वाटण्यांमुळे खाली आली, असे त्यांना आढळले. आज ज्याला खानदानी घर म्हटले जाते त्याचे पणजोबा दुसऱ्याच्या रानात खंडाने ऊस करत असणे शक्य आहे. लग्न जुळवताना मात्र हा चढउतार कोणी काढत नाही. आजचा सातबारा जणू कायमचाच असल्यासारखा वाचला जातो.

सोयरीक ठरते कशी

ठरवून केलेल्या लग्नात दोन घरांची बरोबरी तपासण्याची एक रीतच आहे. मधला माणूस, बहुधा मामा, आत्याचे यजमान किंवा दोन्हीकडचा पाहुणा, स्थळ सुचवतो. बायोडाट्यात शिक्षणाच्या खाली शेतीची ओळ असते आणि तिथे ‘बागायत’ हा शब्द न चुकता लिहिलेला असतो. मुलगी पाहण्याचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम होण्याआधीच मुलीकडचे दोघे-तिघे सहज आल्यासारखे करून मुलाचे गाव बघून जातात. विहिरीला पाणी आहे का, ठिबक केले आहे का, घर स्लॅबचे की पत्र्याचे, सोसायटीचे कर्ज किती, भावाभावांत वाटणी झाली की बाकी आहे, याची चौकशी चहाच्या टपरीवरही होते. मग बैठक बसते. मानपान, सोने, कार्यालयाचा खर्च कोणाकडे, बस्ता कोठे बांधायचा, हे ठरते. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी ‘मुलीच्या हौसेसाठी’ या नावाखाली देणे-घेणे चालते आणि त्याचा आकडा घराच्या पायरीनुसार बदलतो.

लग्नपत्रिकेत ही पायरी छापली जाते. पश्चिम महाराष्ट्रातल्या पत्रिकेत वधूवरांची नावे असतात एवढ्याशा जागेत. त्याखाली निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक आणि प्रमुख उपस्थिती अशा मथळ्यांखाली सरपंच, कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे सभापती, आमदार-खासदार आणि सगळी भावकी दाटीने बसवलेली असते. लग्नात अक्षता पडण्याआधी पुढाऱ्यांची आशीर्वादपर भाषणे होतात. कोणता नेता आला आणि किती वेळ थांबला, याची चर्चा पुढे महिनाभर पुरते. मुलीने स्वतः निवडलेला मुलगा अशा पत्रिकेत बसत नसेल, तर तिच्या वडिलांच्या दृष्टीने ते सगळ्या गावासमोरचे उणेपण ठरते.

यामागे नातेसंबंधांची जुनी चौकट आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या दोन गोष्टींची नोंद केली. एक, मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल. तिच्यामुळे घराणी पुन्हा पुन्हा एकमेकांशी जोडली जातात आणि ओळखीच्याच वर्तुळात राहतात. दुसरी, मराठा कुळांतली वर-खाली अशी उतरंड. वरच्या कुळात मुलगी द्यायची आणि तिथून मुलगी सहसा आणायची नाही. लेक आपल्यापेक्षा चढ्या घरी जावी आणि सून थोड्या उतरत्या घरातून यावी, हा दंडक आजही बऱ्याच घरांत मनातल्या मनात पाळला जातो.

या दंडकामुळे प्रेमप्रकरणाचे भवितव्य मुलगा गरीब की मुलगी गरीब यावर बरेचसे ठरते. मुलगा बागायतदाराचा आणि मुलगी साध्या घरची असली तर आईवडील रुसतात, सहा महिने बोलत नाहीत, शेवटी ‘पोरगी गुणाची आहे’ म्हणून मान्य करतात. कारण गरीब घरची सून घरात मिसळून जाईल असे ते गृहीत धरतात. मुलगी बागायतदाराची आणि मुलगा साध्या घरचा असला तर तोच प्रश्न इभ्रतीचा होतो. मुलगी ‘खाली गेली’ असे मानले जाते. तिच्या धाकट्या बहिणीला चांगले स्थळ येणार नाही, ही भीती त्यात भर घालते. विरोधाचा सूर वडिलांपेक्षा भाऊ, चुलते आणि चुलतभाऊ यांचा जास्त चढा असतो. मुलीच्या संसारापेक्षा त्यांना आपली गावातली पत मोठी वाटते.

जिथे संसारच मजुरीचा असतो

या साऱ्या हिशेबाच्या बाहेर ऊसपट्ट्यात आणखी एक वर्ग दर हंगामात येऊन राहतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात, कोप्या घालून राहतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांची मोजणी माणशी होत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम कोयत्यामागे उचल देतो. एकट्या माणसाला उचल कमी मिळते, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकून कोयता पूर्ण करण्याकडे कल असतो. मराठवाड्यातल्या बालविवाहांची जी कारणे सांगितली जातात त्यात हे एक ठळक आहे. बागायतदाराच्या घरी लग्न म्हणजे जमिनीचा आणि प्रतिष्ठेचा मेळ, तर टोळीतल्या घरी लग्न म्हणजे मजुरीची जोडी. दोन्हीकडे मुलामुलीच्या पसंतीला जागा कमीच. टोळीतल्या मुलाचे गावातल्या मुलीशी जुळणे तर जात आणि वर्ग यांच्या दोन्ही भिंती ओलांडणे आहे.

ओळखी कुठे होतात

दोन वेगळ्या पायऱ्यांवरची मुले-मुली पूर्वी एकमेकांच्या फारशी समोर येत नसत. आता येतात, आणि त्यामागे शिक्षणाचा मोठा वाटा आहे. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले, विद्या प्रतिष्ठान १९७२ मध्ये स्थापन झाले. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास देणाऱ्या अहिल्याबाई होळकर योजनेने मुलींचे शिक्षण गावाबाहेर नेले. जिरायती गावातला आणि कालव्यावरचा विद्यार्थी एकाच बाकावर बसू लागला. बारामती औद्योगिक वसाहतीत पियाजिओसारखे वाहन कारखाने आले, हायटेक टेक्स्टाईल पार्कमध्ये गावोगावच्या मुली कामाला जाऊ लागल्या. मोबाईल आल्यावर ओळख टिकवायला बसस्टँडवर थांबावे लागत नाही.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. मुलगी कालव्यावरच्या घरची. बारा एकर ऊस, दारात ट्रॅक्टर, चुलते सोसायटीचे पदाधिकारी. मुलगा सुपे बाजूचा. वडिलांची चार एकर जिरायत आणि दुधाच्या दोन गाई. तो आयटीआय करून कंपनीत ऑपरेटर. जात एकच, पत्रिका जुळते, शिक्षण जवळपास सारखे. मुलाचा पगार कायम असेल तर महिन्याचे उत्पन्न मुलीच्या भावाच्या हातात येणाऱ्या पैशाइतके असू शकते. तरी बैठकीत तो ‘कामगार’ ठरतो आणि भाऊ ‘बागायतदार’. उत्पन्न बरोबरीचे असले तरी जमिनीची पत पगाराला मिळत नाही. मुलगा कंत्राटी कामगार असेल तर बोलणी दारातूनच परत जातात.

अशा प्रकरणांत मुलीच्या घरचे सहसा ठरावीक क्रमाने वागतात. आधी तिचा फोन काढून घेतला जातो किंवा कॉलेज बंद होते. मग तिला मामाच्या किंवा आत्याच्या गावी पाठवले जाते. घाईघाईने दुसरे स्थळ शोधून साखरपुडा उरकला जातो. ‘साखरपुड्यातच लग्न लावून टाकू’ हा सल्ला हमखास कोणीतरी देतो. मुलाच्या घरी मध्यस्थ जातो आणि त्याच्या वडिलांना समज देतो. मुलाच्या घरचे बऱ्याचदा स्वतःच धास्तावतात, कारण दुधाची डेअरी, सोसायटीचे कर्ज, रोजगाराचे काम, सगळ्यासाठी त्यांना मोठ्या घरांची गरज पडते. श्रीमंत घराचा नकार गरीब घराला असा रोजच्या व्यवहारातून जाणवतो.

मुलीचा हिस्सा

घरच्यांचा विरोध इभ्रतीपुरता राहत नाही, त्यामागे जमिनीचाही हिशेब असतो. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने सहहिस्सेदार करणारा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी केला. शरद पवार मुख्यमंत्री असताना, १९९४ मध्ये, हिंदू वारसा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती झाली. त्याच वर्षी राज्याचे महिला धोरणही जाहीर झाले. त्या दुरुस्तीत आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून हा हक्क देशभर लागू केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले.

कागदावर हक्क असला तरी ऊसपट्ट्यातला रिवाज वेगळा आहे. वडील वारले की बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावले जाते आणि त्या भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात. बदल्यात माहेरपण टिकते, भाऊबीज होते, मुलांच्या लग्नात मामाचा आहेर येतो. ठरवून दिलेली मुलगी आणि तिच्या सासरचे हा अलिखित करार पाळतील, अशी भावांची खात्री असते. मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीबद्दल ती खात्री उरत नाही. जावई गरीब असेल तर तो उद्या वाटणीचा दावा लावेल, ही भीती उघड बोलली जात नाही, पण घरात ती चर्चेत असते. कालव्याखालच्या जमिनीची एकरी किंमत जितकी वाढली, तितकी ही भीती वाढली.

घरचे पुष्कळदा ‘तुला एक गुंठाही मिळणार नाही’ असे बजावतात. कायद्याने ते निम्मेच खरे आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता त्यांना मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. वडिलोपार्जित जमिनीतला मुलीचा हिस्सा मात्र तिने कोणाशी लग्न केले यावरून जात नाही.

पळून जाण्याची वाट

बोलणी फिसकटली की काही जोडपी पळून जातात. पश्चिम महाराष्ट्रात अशा लग्नांसाठी आळंदीचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या गावात लग्न लावून देणारी मंगल कार्यालये आहेत. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड, फोटो आणि साक्षीदार घेऊन गेले की विधिवत लग्न लागते आणि नंतर त्याची नोंदणी होते. लग्न हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली होत असल्याने आगाऊ नोटीस लागत नाही. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असणे मात्र आवश्यक आहे.

दुसरी वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. धर्म वेगळा असेल तर बहुधा तीच घ्यावी लागते. धार्मिक विधी नको असणारेही ती घेतात. इथे विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते. वर किंवा वधू कायमची दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर तिकडच्या कार्यालयातही नोटीस जाते. तालुक्याच्या ठिकाणी अशी नोटीस घरच्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. हरकत मात्र वय, आधीचे लग्न, निषिद्ध नाते किंवा मानसिक अक्षमता अशा ठरावीक कारणांवरच घेता येते. घरच्यांची नापसंती किंवा सांपत्तिक फरक हे हरकतीचे कारण होत नाही.

मुलगी घरातून गेली की पोलिसांत बेपत्ता झाल्याची तक्रार होते. ती सज्ञान असेल तर पोलीस तिचा जबाब घेतात आणि ‘मी स्वखुशीने आले’ असे तिने सांगितले की तिला तिच्या इच्छेप्रमाणे जाऊ द्यावे लागते. वय १८ च्या आत असेल तर चित्र पालटते: तिची संमती कायद्याने गणली जात नाही, मुलावर अपहरणाचा आणि लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख हाच पोलीस ठाण्यातला कळीचा मुद्दा असतो.

वर्गाच्या आत दडलेली जात

ग्रामीण महाराष्ट्रात जमीन, पाणी आणि सत्ता जातीनुसारही वाटली गेली आहे. म्हणून गरीब घर आणि खालची मानलेली जात हे पुष्कळदा एकत्र येतात आणि तिथे रुसवे-फुगवे मागे पडून हिंसा होते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सोनईजवळ जानेवारी २०१३ मध्ये मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. सवर्ण मुलीशी असलेले प्रेमसंबंध हे त्यामागचे कारण होते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच जिल्ह्यात खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला अशाच संशयावरून मारण्यात आले. त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. गावातल्या साक्षीदारांची रोजीरोटी ज्यांच्यावर अवलंबून असते त्यांच्याविरुद्ध साक्ष देणे किती अवघड असते, हे या दुसऱ्या निकालाने दाखवले.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा या पट्ट्यातल्या प्रेक्षकांना त्यातले शिवार ओळखीचे होते. करमाळा तालुका मंजुळे यांचा स्वतःचा. चित्रीकरणही तिथे, म्हणजे उजनीच्या फुगवट्याच्या पलीकडे, इंदापूरच्या समोर झाले. नायिका अर्चनाचे वडील बागायतदार आणि राजकारणी आहेत, नायक प्रशांतचे घर त्याच पाण्यात मासे धरून जगणारे आहे. धरणाच्या एकाच पाण्यावर एकाचा ऊस आणि दुसऱ्याची मासेमारी चालते. अर्चना घोड्यावर आणि बुलेटवर बसते, ट्रॅक्टर चालवते. हैदराबादच्या झोपडपट्टीत आल्यावर तिला सार्वजनिक संडास आणि पाण्याची रांग झेपत नाही. चित्रपटाचा हा मधला भाग प्रेमातल्या वर्गभेदाचे नेमके दर्शन घडवतो: घरच्यांपासून सुटका झाली तरी दोघांच्या सवयींमधले अंतर सोबत येते. शंभर कोटींचा गल्ला गाठणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला.

कायद्याला जात दिसते, वर्ग दिसत नाही

लग्नातली पसंती आणि जात यांवर महाराष्ट्रात विचार फार पूर्वीपासून झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचा आधार जातीअंतर्गत विवाह हाच असल्याचे मांडले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. आज राज्य सरकार आंतरजातीय जोडप्याला ५० हजार रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान देते. त्यासाठी दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातला असावा लागतो. जातीने एक, पण परिस्थितीने दोन टोकांवर असलेल्या जोडप्यासाठी अशी योजना नाही.

संरक्षण मात्र सर्वांना आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लता सिंग खटल्यात आणि २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात सज्ञान व्यक्तीच्या निवडीत कुटुंबाला किंवा समाजाला आडकाठी करता येत नाही असे सांगितले. दुसऱ्या निकालाने जिल्हावार विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे उभारण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय जोडप्यांसाठी अशा निवाऱ्यांची कार्यपद्धती ठरवून दिली. जोडप्याला ११२ या क्रमांकावरही मदत मागता येते. जात पंचायतीच्या किंवा गावकीच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आंतरजातीय लग्ने लावून देते आणि ‘जोडीदाराची विवेकी निवड’ या उपक्रमातून तरुणांशी बोलते. त्यात पत्रिका आणि पसंती यांच्यासोबत पैसा, घरकाम, आईवडिलांची जबाबदारी हे विषय लग्नाआधी मोकळेपणाने बोलण्यावर भर असतो. वेगळ्या परिस्थितीतून आलेल्या जोडप्यांना या बोलण्याची गरज सर्वांत जास्त असते.

लग्नानंतरचे अंतर

लग्न झाले म्हणजे अंतर मिटले असे होत नाही. मोठ्या घरची मुलगी दोन खोल्यांत राहायला जाते तेव्हा पहिली अडचण कामाची येते: पहाटे धारा काढणे, हौदाचे पाणी भरणे, चुलीवर भाकरी थापणे हे माहेरी गडी-माणसांनी केलेले असते. उलट साध्या घरची मुलगी मोठ्या घरात आली तर तिला बसायचे कोठे, बोलायचे किती आणि कोणाच्या पाया आधी पडायचे, याची रोज परीक्षा द्यावी लागते. तिच्या माहेरचे पाहुणे आले की त्यांचा पाहुणचार कोणत्या भांड्यांत होतो, यावरूनही तिला आपली जागा कळते. सणावाराला आहेराची बरोबरी करता करता गरीब माहेर कर्जात जाते.

समेट बहुतेकदा ठरलेल्या मार्गाने होतो. आधी आई फोनवर बोलते, मग डोहाळजेवणाला किंवा बाळंतपणाला मुलीला घरी आणले जाते. नातवंड झाले की वडिलांचा अबोला सुटतो. भाऊ सर्वांत शेवटी बोलतो, आणि तोही बऱ्याचदा हक्कसोडपत्राची सही झाल्यावर. तोपर्यंत जोडपे पुण्यात, हिंजवडी किंवा चाकणच्या बाजूला भाड्याच्या खोलीत संसार थाटून बसलेले असते. गावापासून दूर, दोघांच्या पगारावर चालणाऱ्या घरात कोणाचे शिवार किती हा प्रश्न रोजच्या जगण्यात येत नाही. त्यामुळे अशी लग्ने टिकण्यात मुलीच्या नोकरीचा वाटा मोठा असतो. तिची स्वतःची मिळकत नसेल तर माहेर तुटल्यावर ती पूर्णपणे सासरवर अवलंबून राहते आणि भांडणात परतीची वाट बंद होते.

पसंतीचे बदलते माप

गेल्या काही वर्षांत मोजमापाची ही पट्टी हलू लागली आहे. मुलींचे शिक्षण वाढले, गर्भलिंगनिदानाच्या काळात बिघडलेल्या लिंगगुणोत्तरामुळे लग्नाच्या वयाच्या मुली कमी झाल्या आणि शेती करणाऱ्या मुलांना स्थळे मिळेनाशी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. बागायत असली तरी ‘मुलगा नोकरीला हवा’ ही अट मुलीकडचे आता घालतात. नोकरी पुण्यात आणि शेती गावाकडे, असा दुहेरी हिशेब मागितला जातो. जिरायती गावातला पण कायम नोकरीचा मुलगा त्यामुळे पूर्वीपेक्षा वरच्या पायरीवर आला आहे.

हा बदल अपुरा आहे. पायऱ्यांचे माप जमिनीवरून पगाराकडे सरकले, पायऱ्या गेलेल्या नाहीत. कंत्राटी कामगार, भूमिहीन मजूर आणि टोळीतला कोयता या नव्या हिशेबातही तळाशीच आहेत. तरी एक फरक पडला आहे. जमीन वारशाने मिळते आणि ती कोणाच्या वाट्याला यावी हे घरचे ठरवतात. नोकरी मुलाला किंवा मुलीला स्वतः मिळवता येते. त्यामुळे ज्या जोडप्यात दोघेही कमावते आहेत, त्यांच्या बाबतीत घरच्या नकाराचा अर्थ बदलतो. परवानगी द्यायची की नाही हा प्रश्न उरत नाही; नाते ठेवायचे की तोडायचे, एवढाच निर्णय घरच्यांच्या हाती राहतो, आणि बहुतेक घरे आज ना उद्या नाते ठेवण्याच्या बाजूने वळतात.